लिव्हर न्यूट्रलला होता, मग पाईप फुटला कसा?

जानेवारीतली पहाट, साडेपाचची वेळ. तापमान उणे चौदा, रात्रीतून गुडघाभर बर्फ पडलेला. छोट्या ट्रॅक्टरला पुढे बर्फ लोटायचं पातं लावून मी शेजारच्या आजींच्या घरापुढची वाट मोकळी करत होतो. पात्याचं डावं टोक पुढे, उजवं मागे, म्हणजे बर्फ आपोआप उजव्या कडेला पडत जातो. पातं एकदा तिरकं लावलं की लिव्हर सोडून द्यायचा आणि सरळ चालत राहायचं. तसाच चाललो होतो. डावं टोक बर्फाखाली झाकलेल्या काँक्रीटच्या कडेला धडकलं, ट्रॅक्टर जागीच थबकला आणि हेडलाइटच्या उजेडात पांढऱ्याशुभ्र बर्फावर पिवळसर ऑइलची चिळकांडी उडाली. पाईप फुटला होता. पातं वळवणाऱ्या सिलेंडरचा, म्हणजे आपल्याकडे ट्रॉलीखाली ज्याला जॅक म्हणतात त्याचा, चकचकीत रॉड मधोमध वाकला होता.

पातं जिथून बसवून घेतलं होतं तिथे जाऊन विचारलं, तर उत्तर मिळालं, "ट्रॅक्टरला रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की ऑइल सोडून देणारी झडप, आहे की. तुम्हीच जोरात नेला असेल." सिन्नरकडे शेती करणाऱ्या धाकट्या भावाला फोटो पाठवला, तर त्याचाही प्रश्न तोच: "दादा, रिलीफ व्हॉल्व्ह असताना प्रेशर वाढलंच कसं?"

प्रश्न रास्त आहे. मी राहतो तो भाग न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, बफेलो शहराजवळ. एरी सरोवरावरून येणारा थंड वारा पाण्याची वाफ उचलतो आणि ती बर्फ होऊन आमच्या डोक्यावर पडते. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कला एका वादळात सुमारे ८० इंच, म्हणजे दोन मीटरच्या आसपास बर्फ पडला होता. इथे घरोघरी पातं लावलेला ट्रॅक्टर नाहीतर पिकअप असतो, आणि दर हिवाळ्यात असे सिलेंडर वाकतात. बहुतेकांना वाटतं की ट्रॅक्टरचा व्हॉल्व्ह खराब असणार. तो ठणठणीत असतो. या धक्क्याशी त्याचा संबंधच येत नाही, आणि ही गोष्ट ट्रॅक्टर विकताना कोणी समजावून सांगत नाही.

दाब म्हणजे नेमका किती?

दाब मोजायला 'बार' हे एकक घेऊ. एक बार म्हणजे ढोबळमानाने दर चौरस सेंटीमीटरवर एक किलोचा भार. नखाएवढ्या जागेवर किलोभर साखरेची पिशवी ठेवल्यासारखं. घरच्या कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार दाब जास्त असतो. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार. छोट्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे ऑइलच्या जोरावर चालणाऱ्या यंत्रणेत, १४० ते १७० बार. इकडच्या गेजवर, म्हणजे दाबाच्या मीटरवर, हाच आकडा २,००० ते २,५०० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) असा दिसतो.

हा दाब पंप तयार करतो असं आपण म्हणतो. खरं तर पंप फक्त ऑइल ढकलतो. दाब तयार होतो तो पुढच्या अडथळ्यामुळे. पातं हवेत उचललेलं असेल तर ते वळवायला फारसा दाब लागतच नाही. बर्फाच्या ढिगात रुतलेलं वळवायला गेलात की काटा वर चढतो. अडथळा फारच मोठा निघाला, पातं हलेना, तर पंपाने स्वतःचंच काही फोडू नये म्हणून पंपाच्या तोंडाशी एक स्प्रिंगचा दरवाजा असतो. ठरलेल्या दाबाला तो उघडतो आणि जादा ऑइल टाकीत परत सोडतो. हा रिलीफ व्हॉल्व्ह. कुकरची शिट्टीच म्हणा.

सुई काढलेली सिरिंज

घरात सुई काढलेली सिरिंज असेल तर एक प्रयोग करा. आधी नुसती हवा भरा, तोंडावर बोट दाबा आणि दट्ट्या रेटा. तो निम्म्यापर्यंत आत जातो, सोडला की परत येतो. आता पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका आणि पुन्हा दाबा. दट्ट्या तसूभर हलत नाही. बोट मात्र दुखायला लागतं.

ऑइल या पाण्यासारखंच असतं. ते दाबलं जात नाही असं नाही, पण फार थोडं दाबलं जातं: साधारण ७० बार दाबाला अर्धा टक्का. सिलेंडरमध्ये २५ सेंटीमीटर लांबीचं ऑइल कोंडलेलं असेल आणि बाहेरून कोणी पिस्टन, म्हणजे सिलेंडरमधला दट्ट्या, फक्त सव्वा मिलिमीटर आत रेटला, तर दाब ७० बारने वाढतो. साडेतीन मिलिमीटर रेटला, तर जवळपास २०० बारने. पाईप थोडा फुगतो, त्यामुळे प्रत्यक्षात जरा कमी. पण अंदाज यावा म्हणून सांगतो: जाड पुठ्ठ्याएवढी हालचाल, आणि दाब थेट पाईपच्या मर्यादेला भिडलेला.

शिट्टी एका कुकरला, उकळतोय दुसरा

आता त्या पहाटेकडे येऊ. मी लिव्हर सोडला, तो मध्यावर म्हणजे न्यूट्रलला आला. न्यूट्रलला बहुतेक ट्रॅक्टरांचा कंट्रोल व्हॉल्व्ह, म्हणजे लिव्हरने चालणारी झडप, सिलेंडरकडे जाणारे दोन्ही पाईप बंद करतो. ते बंद होतात म्हणूनच पातं लावलं तिथे टिकून राहतं, नाहीतर बर्फाचा जोर लागताच ते वळलं असतं. म्हणजे सिलेंडर आणि कंट्रोल व्हॉल्व्ह यांच्यामधलं ऑइल आता बोट लावलेल्या सिरिंजसारखं कोंडलेलं आहे.

ट्रॅक्टरचा रिलीफ व्हॉल्व्ह कुठे आहे? पंपाच्या बाजूला, बंद दरवाजाच्या अलीकडे. धक्का बसतो पलीकडे. तिकडे दाब ३०० बार झाला काय आणि ५०० बार झाला काय, अलीकडच्या व्हॉल्व्हला पत्ताच नाही. त्याच्या बाजूला पंपाचं ऑइल निवांत टाकीत फिरत असतं. शेगडीवर दोन कुकर असावेत, शिट्टी एकालाच असावी आणि उकळावा दुसरा, तशी गत.

धक्क्याचा हिशोबही करून बघू. पातं सहा फुटांचं, मधल्या खिळीवर फिरणारं. टोक खिळीपासून तीन फूट लांब. सिलेंडर मात्र खिळीपासून जेमतेम नऊ इंचांवर जोडलेला. पहारीने दगड उचकटतो तसाच हा प्रकार, फक्त लांब बाजू दगडाच्या हातात आहे. टोकावर एक टन जोर आला की सिलेंडरवर चार टन येतो. सिलेंडरचा आतला व्यास ५० मिलिमीटर धरला तर पिस्टनचं क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस सेंटीमीटर. चार हजार किलो भागिले साडेएकोणीस म्हणजे २०५ बार. आणि एक टन ही काही फार मोठी धडक नव्हे.

सुटायला वाट द्यायची

उपाय साधा आहे, आणि पात्याच्या किमतीच्या मानाने स्वस्तही. सिलेंडरच्या दोन पाईपांच्या मध्ये आणखी एक रिलीफ व्हॉल्व्ह बसवायचा, दोन्ही दिशांनी उघडणारा. त्याला क्रॉसओव्हर रिलीफ म्हणतात. डाव्या टोकाला दणका बसला की ज्या बाजूचं ऑइल चेपलं जातं तिथून ते उघडलेल्या दरवाजातून दुसऱ्या बाजूला जातं. पातं थोडं मागे वळतं, धक्का पचवतं आणि थांबतं. लिव्हर हलवून ते पुन्हा जागेवर आणलं की काम चालू.

बांधकामावर खालून फेकलेली वीट वरचा माणूस कशी झेलतो ते आठवा. हात ताठ ठेवत नाही, विटेबरोबर नेतो. त्याच्यामागचं गणित असं: माणसासकट १,२०० किलोचा ट्रॅक्टर ताशी आठ किलोमीटरने जात असेल आणि दोन सेंटीमीटरमध्ये थांबला, तर सरासरी १५ टनांचा जोर कुठेतरी बसतोच. तोच वीस सेंटीमीटरमध्ये थांबला तर दीड टन.

हा व्हॉल्व्ह पंप बघून घेऊ नका. छोट्या ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला २०-३० लिटर ऑइल देतो, म्हणून दुकानदार तेवढ्याच मापाचा व्हॉल्व्ह हातात ठेवतात. धडकेत पिस्टन एक दशांश सेकंदात पाच सेंटीमीटर आत गेला, तर तेवढ्यात जवळपास १०० मिलिलिटर ऑइल बाहेर पडावं लागतं. त्याचा वेग मिनिटाला ६० लिटर. म्हणजे पंपाच्या दुप्पट ते तिप्पट. अरुंद व्हॉल्व्ह उघडला तरी दाब वाढतच राहतो. चित्रपट सुटल्यावर गर्दी एकाच फाटकातून बाहेर काढावी, तसं होतं. शिवाय व्हॉल्व्ह सिलेंडरच्या जितका जवळ तितका चांगला. मध्ये दोन मीटर बारीक पाईप ठेवलात तर त्या पाईपनेच अडवणूक केली.

एकच सिलेंडर असेल तर थांबा

इथे बरेच जण फसतात. मीही फसणार होतो, ज्या मेकॅनिककडे रॉड बदलायला गेलो त्याने वेळेत थांबवलं.

सिलेंडरच्या दोन बाजू सारख्या नसतात. एका बाजूला पिस्टनची पूर्ण जागा, दुसऱ्या बाजूला तीतून रॉड गेलेला. व्यास ५० आणि रॉड २५ मिलिमीटर असेल तर मागच्या बाजूचं क्षेत्रफळ १९.६ आणि रॉडच्या बाजूचं १४.७ चौरस सेंटीमीटर. रॉड एक सेंटीमीटर आत ढकलला गेला की मागून जवळपास २० मिलिलिटर ऑइल निघतं, पण पुढे जागा होते १५ मिलिलिटरचीच. उरलेलं पाच मिलिलिटर कुठे जाणार? दोन्ही पाईप तर बंदच आहेत. म्हणजे क्रॉसओव्हर व्हॉल्व्ह उघडूनही ऑइल कोंडलेलंच राहतं.

पात्याच्या दोन्ही अंगांना एकेक सिलेंडर असेल तर ही अडचण येत नाही. एकाचा रॉड आत जातो तेव्हा दुसऱ्याचा बाहेर येतो, हिशोब बरोबर जुळतो. पण एकच सिलेंडर असेल तर दोन पाईपांमध्ये पूल बांधून भागत नाही. प्रत्येक पाईपावरून थेट टाकीकडे सुटणारी वाट हवी, आणि जिथे पोकळी तयार होते तिथे टाकीतून ऑइल ओढून घेणारा एकेरी झडपेचा मार्गही हवा. असा तयार ब्लॉक मिळतो. माझ्या ट्रॅक्टरला मी तोच बसवला.

"हळू चालवलं की झालं ना?"

हळू चालवाच. वेग दुप्पट केला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. ताशी १६ किलोमीटरला १५ टनांचे ६० टन होतात. पण बर्फ लोटायला थोडा वेग लागतोच, नाहीतर तो पात्यासमोर साचून राहतो आणि कडेला पडत नाही. आणि वरच्या हिशोबात आठ किलोमीटरचा वेग धरला होता, तो हळू धावणाऱ्या माणसाइतकाच आहे. हळू चालवल्याने नुकसान घटतं, कोंडलेल्या ऑइलला वाट मिळत नाही. हिवाळ्याआधी कडेच्या काँक्रीटला, गटाराच्या झाकणांना बर्फातून वर दिसतील अशा नारिंगी काठ्या रोवून ठेवणं हे मला वेगाइतकंच महत्त्वाचं वाटतं. आजींच्या दारात ती एक काठी असती, तर पहिलं नुकसान झालंच नसतं.

"पात्याला स्प्रिंग आहेत की"

आहेत. खडकाळ रानात स्प्रिंगचा कल्टिव्हेटर वापरणाऱ्याला हे लगेच कळेल: फण दगडाला लागला की स्प्रिंग ताणते, फण मागे जाऊन दगडावरून निघतो आणि परत जागेवर येतो. बर्फाच्या पात्याच्या स्प्रिंगही तेच करतात. खालची कड अडथळ्याला समोरून लागली की पातं पुढे कलतं आणि वरून निघून जातं. पण टोकाला बसलेली धडक पात्याला कलवत नाही, गरकन फिरवते. त्या फिरण्याला स्प्रिंगचा काही उपयोग नाही, ते काम सिलेंडरवरच येतं. स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह दोन वेगळ्या दिशांची राखण करतात, एक आहे म्हणून दुसरा सोडता येत नाही.

"जाड पाईप टाकून देऊ"

माझा पाईप आत पोलादी तारेची एक जाळी असलेला होता. दुकानात त्याला सिंगल वायर म्हणतात. पाऊण इंचाच्या निम्म्या, म्हणजे तीन अष्टमांश इंची पाईपाला अशा प्रकारात १८० बारपर्यंत काम करायची परवानगी असते. डबल वायर घेतला तर ३३० बार. फुटण्याचा दाब याच्या चौपट धरलेला असतो, पण तो नव्या पाईपाचा. चार हिवाळे उन्हा-बर्फात काढलेल्या, कपलिंगपाशी घासलेल्या पाईपाचा नव्हे.

डबल वायर मीही टाकला. पण पाईप मजबूत केल्याने दणका कमी होत नाही, तो पुढच्या कमकुवत जागी जातो. पाईप टिकला तर रॉड वाकतो, रॉड टिकला तर खिळीचा कान फाटतो, तोही टिकला तर ट्रॅक्टरच्या पुढच्या फ्रेमला तडा जातो. पाईप सगळ्यात स्वस्त आहे.

किती बारला लावायचा?

लोकांना भीती असते की व्हॉल्व्ह लवकर उघडला तर जड बर्फ लोटतानाच पातं वळेल. खरं आहे, फार खाली लावला तर वळतंच. म्हणून ऑइल गरम झाल्यावर, लाइनवर गेज बसवून, खालून सुरुवात करायची. ओला जड बर्फ लोटताना पातं मागे सरकतंय का बघायचं, सरकलं तर व्हॉल्व्हचा स्क्रू थोडा आवळायचा. सरकायचं थांबलं की तिथेच लॉकनट घट्ट. पाईप, सिलेंडर, कपलर (पाईप ट्रॅक्टरला जोडणारा भाग) यांच्यावर छापलेल्या आकड्यांपैकी सर्वांत लहान आकड्याच्या वर कधीही जायचं नाही. पातं वळतंय म्हणून वैतागून स्क्रू पूर्ण आवळून टाकणारे मी पाहिले आहेत. तो व्हॉल्व्ह मग नुसता लोखंडाचा ठोकळा उरतो.

अर्धवट बसलेला कपलर

धडक न होताही दाब चढू शकतो, आणि हे सिन्नरच्या रानातही तितकंच लागू आहे. पाईप ट्रॅक्टरला जोडायच्या कपलरमध्ये एक गोळी किंवा झडप असते. कपलर 'टक' आवाज करून पूर्ण बसला तरच ती उघडते. दोनपैकी एक कपलर अर्धवट बसला आणि तुम्ही लिव्हर ओढला, तर ऑइल एका बाजूने आत जातं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडू शकत नाही. मोठ्या क्षेत्रफळाचा जोर लहान क्षेत्रफळावर येतो. वरच्याच सिलेंडरमध्ये पंपाचे १७० बार रॉडच्या बाजूला २२५ च्या पुढे जातात. रॉड जितका जाड, तितकी ही वाढ जास्त. हायड्रॉलिक पलटी नांगराचा सिलेंडर दोन्ही बाजूंनी ऑइल घेणारा असतो, तिथेही हेच होतं. भावाच्या नांगराच्या सिलेंडरचं सील, म्हणजे ऑइल अडवणारी कडी, दोनदा गेलं होतं. दोन्ही वेळा सील बदललं, कपलर कोणी पाहिला नाही.

ऊनही दाब वाढवतं. सोडवून ठेवलेल्या अवजाराच्या पाईपात ऑइल कोंडलेलं असतं. तापलं की ते फुगतं, आणि मग कपलर काही केल्या बसत नाही. लोक हातोडी घेतात. त्याऐवजी अवजार सोडवतानाच ते जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर दोन्हीकडे दोन-तीनदा हलवा आणि मग कपलर काढा. कडाक्याच्या थंडीत उलट होतं: ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, व्हॉल्व्हमधून वेळेत निघत नाही. म्हणून मी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो, पातं रिकामंच हळूहळू दोन्हीकडे फिरवतो, मग पहिला बर्फ लोटतो.

गळती बोटाने शोधू नका

माझ्या पाईपाला फुटायच्या आधी आठवडाभर कपलिंगजवळ ओलसर डाग दिसत होता. मी हातमोजा काढून त्यावरून बोट फिरवलं होतं. इंजिन बंद होतं म्हणून वाचलो, हे आज कळतंय.

सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघणारी ऑइलची धार डोळ्यांना दिसत नाही, पण कातडी भेदून आत जाते. त्याला सात बार दाबही पुरतो, आणि इथे त्याच्या वीसपट आहे. हातमोजा तिला अडवत नाही. सुरुवातीला बोटावर फक्त एक ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही. म्हणून लोक हात धुऊन कामाला लागतात. आत ऑइल बोटाच्या नसांच्या, बोट हलवणाऱ्या कंडरांच्या (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) कडेने पसरत जातं, सूज रक्तपुरवठा तोडते, आणि काही तासांत शस्त्रक्रिया करून ते धुऊन काढलं नाही तर बोट, कधी पंजा कापावा लागतो. गॅरेजमध्ये, शेतात, ट्रॉलीच्या जॅकखाली आपली माणसं रोज अशी बोटं फिरवताना मी पाहिली आहेत, आणि ते आठवलं की पोटात गोळा येतो. गळती शोधायची तर इंजिन बंद करून दाब सोडा आणि कोरड्या फडक्याने पाईप पुसून कुठे ओलं होतं ते बघा. दाबाखालीच बघावं लागलं तर चष्मा लावून, लांब काठीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून तो पाईपाजवळून फिरवा. धार असेल तर पुठ्ठ्यावर रेघ उमटते.

आणि कोणाच्या हातात धार गेलीच, तर जखम लहान दिसते म्हणून थांबू नका, लगेच हाताची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या रुग्णालयात न्या. तिथे "काहीतरी टोचलं" असं म्हणू नका. "हायड्रॉलिकचं ऑइल दाबाने हातात गेलं आहे, इतक्या वाजता गेलं आहे" असं स्पष्ट सांगा, आणि ऑइलच्या डब्याच्या लेबलचा फोटो सोबत न्या.